गाडी कधी चालू होते, कधी होत नाही? बॅटरी बदलण्याआधी एवढं तपासा

आपटा (ता. पनवेल) : गाडी कायमची बंद पडली तर मेस्त्रीला दोष लगेच सापडतो. खरी डोकेदुखी असते ती दहा वेळा चालू होऊन अकराव्या वेळी हटून बसणाऱ्या गाडीची. गॅरेजात नेली की ती पहिल्या सेल्फला चालू होते, मेस्त्री म्हणतो "काही प्रॉब्लेम नाही", आणि दोन दिवसांनी पहाटे रसायनीच्या पाळीला निघताना परत तेच. मग अंदाजाने आधी बॅटरी, नंतर प्लग, नंतर सेल्फची मोटर बदलली जाते. पैसे जातात, दोष तिथेच राहतो.

हा प्रश्न फक्त कामावर उशीर होण्यापुरता नाही. रात्री कुणाला पनवेलच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर दारातल्या गाडीवर भरवसा ठेवता आला पाहिजे. म्हणून असा दोष कसा शोधायचा, याची ही माहिती जपून ठेवा.

पहिलं काम : दोष मोबाईलमध्ये पकडा

असा दोष मेस्त्रीसमोर दिसत नाही, तो तुमच्यासमोर दिसतो. त्यामुळे साक्षीदार तुम्हीच. गाडी हटली की लगेच परत परत सेल्फ मारू नका. मोबाईल काढा, चावी ऑन करा, मीटरवरचे दिवे दिसतील असा व्हिडिओ सुरू करा आणि एकदाच सेल्फ मारा. आवाज नीट रेकॉर्ड झाला पाहिजे. मग चार गोष्टी लिहून ठेवा :

१. गाडी थंड होती की नुकतीच चालवून उभी केली होती?
२. किती वेळ उभी होती? तासभर, रात्रभर की आठवडाभर?
३. पाऊस, दव किंवा धुतल्यानंतरचं पाणी होतं का?
४. शेवटी चालू कशी झाली? थांबल्यावर, हलवल्यावर, किक मारल्यावर की आपोआप?

तीन-चार वेळच्या अशा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा दोषाची दिशा कळते. "गाडी चालू होत नाही" एवढंच सांगितलं तर मेस्त्री अंदाज बांधतो. "गरम असताना होत नाही, वीस मिनिटांनी होते" असं सांगितलं तर तो नेमकी जागा बघतो.

आवाज काय सांगतो?

*काहीच आवाज नाही, मीटरचे दिवेही नाहीत :* बॅटरीचं टर्मिनल सैल आहे, मेन फ्यूज गेला आहे किंवा चावीच्या स्विचमध्ये दोष आहे.

*दिवे नीट लागतात, पण सेल्फ दाबल्यावर आवाजच नाही :* करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. आधी लाल किल स्विच बघा. बाईक न्यूट्रलमध्ये आहे का, साईड स्टँड वर आहे का, क्लच पूर्ण दाबला आहे का, ते बघा. स्कूटरला ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतो का ते पाहा. लागत नसेल तर दुसरा ब्रेक दाबून सेल्फ मारा. तसं केल्यावर चालू झाली तर दोष पहिल्या ब्रेकच्या छोट्या स्विचमध्ये आहे. हा स्वस्तातला भाग आहे, त्यासाठी बॅटरी बदलायची गरज नाही.

*टक-टक-टक असा भराभर आवाज, दिवे मंद होतात :* बॅटरी कमी आहे किंवा तिच्या वायरी सैल अथवा गंजलेल्या आहेत.

*एकदाच "टक", पुढे काही नाही, दिवे मात्र तसेच :* सेल्फचा रिले, सोलेनॉइड किंवा सेल्फच्या मोटरचे कार्बन ब्रश संशयित.

*सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही :* बॅटरी ठीक आहे. दोष पेट्रोलचा, ठिणगीचा किंवा सेन्सरचा.

वेळ काय सांगते?

*रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी अडते :* बॅटरी जुनी झाली असेल किंवा रात्री काहीतरी करंट खात असेल. चारचाकीत नंतर बसवलेला टेप, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा किंवा चार्जर चावी काढल्यावरही चालू राहतो. आठवडाभर हे जोड काढून ठेवा आणि फरक बघा. आपल्याकडे आणखी एक कारण असतं. घरातून स्टेशनपर्यंत जायचं, दिवसभर गाडी तिथे उभी, संध्याकाळी परत. सेल्फला जेवढा करंट लागतो तेवढा या छोट्या फेरीत भरून निघत नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

*गरम झाल्यावर अडते, थंड झाल्यावर चालू होते :* इग्निशन कॉइल किंवा क्रँक सेन्सर गरम झाल्यावर काम सोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा करतो. हा दोष गॅरेजात लवकर सापडत नाही, कारण नेईपर्यंत गाडी थंड झालेली असते. मेस्त्रीला गाडी गरम करूनच तपासायला सांगा.

*चालता चालता बंद पडते, थोडं थांबल्यावर चालू होते :* पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातली हवेची वाट बुजली असावी. हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण साफ केलं की काम झालं.

*डिझेल पिकअप सकाळी खूप वेळ सेल्फ खातो :* डिझेलच्या पाईपमध्ये कुठून तरी हवा शिरत असेल किंवा फिल्टरखाली पाणी साचलं असेल. फिल्टरचं पाणी काढून पाईपचे जोड बघून घ्या.

घरच्या घरी बॅटरीची तपासणी

इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. चार-पाच जणांत मिळून एक घेतला तरी पुरतो. गाडी चार-पाच तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा :

– १२.६ व्होल्टच्या आसपास : बॅटरी भरलेली.
– १२.२ च्या आसपास : साधारण अर्धी.
– १२ पेक्षा कमी : जवळजवळ रिकामी.
– सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली : बॅटरी कमजोर आहे किंवा पुरेशी चार्ज झालेली नाही.
– इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर चार्जिंगमध्ये दोष. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी ती आठवड्यात उतरेल.

आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकावर आणि दुसरं इंजिनच्या मोकळ्या लोखंडावर ठेवा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगची वायर खराब आहे. कोकणच्या दमट हवेत अर्थिंगचा बोल्ट आतून गंजतो. वरून तो घट्ट दिसतो, पण करंट कधी जातो, कधी नाही. अशा दोषापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने साफ करा. आधी वजा (काळी) वायर सोडायची, बसवताना ती शेवटी बसवायची. जवळ विडी-सिगारेट नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं किंवा फिल्टरचं पाणी चालत नाही.

नव्या गाड्यांचं तंत्र वेगळं

१९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक अडली की लोक ती तिरकी करायचे आणि मग किक मारायचे. तिरकी केल्यावर कार्ब्युरेटरमध्ये जास्त पेट्रोल यायचं, म्हणून ती युक्ती चालायची. आजच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आहे. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ठिणगी, सगळं बॅटरीवर चालतं.

म्हणून बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर अशी बाईक ढकलूनही बहुधा चालू होत नाही. गिअर नसलेली स्कूटर तर ढकलून चालू होतच नाही, उगाच दमू नका. चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद "झूंऽऽ" असा पंपाचा आवाज येतो का, ते ऐका. एरवी येतो आणि गाडी अडते त्याच वेळी येत नसेल, तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासायला सांगा. इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या आणि त्या कोडचा फोटो काढून ठेवा.

पाऊस, पाणी आणि उंदीर

पावसात अडणाऱ्या गाडीचा प्लग कॅप, प्लगची वायर आणि वायरिंगचे जोड आधी बघा. सुक्या फडक्याने पुसून चालू झाली तर दोष तिथेच. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मीटरचे दिवे लुकलुकले तर हँडलखाली वायर आतून तुटत आली आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर धड ठेवा आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

पडवीत पेंढ्याशेजारी गाडी लावत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. अर्धवट कुरतडलेली वायर कधी लागते, कधी सुटते. वायर नीट जोडून घ्या. फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज अजिबात टाकू नका, गाडी पेटू शकते.

पाताळगंगेचं पाणी चढून गाडी बुडाली असेल तर सेल्फ मारूच नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर सोडा, फोटो काढा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. पाणी गेलेल्या इंजिनाचं नुकसान साध्या विम्यात बहुतेक वेळा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड लागते. विमा काढतानाच विचारून घ्या.

गॅरेजात काय बोलायचं?

व्हिडिओ दाखवा, नोंदी वाचून दाखवा. "बॅटरी बदला" असं स्वतःहून सांगू नका. आधी लोड टेस्ट करा म्हणावं. एका वेळी एकच भाग बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. जुना भाग मागून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर प्रत्येक वेळी जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, त्या दिवशी दोष दिसला नाही तरीसुद्धा. वॉरंटी संपल्यावर तोच पुरावा उपयोगी पडतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

वाटेत अडलात तर

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये पंधरा सेकंद थांबा. चारचाकीला दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर लाल वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या अधिक टोकांना लावा. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला आणि अडलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला लावा. सीएनजी गाडीत गॅसचा वास आला तर कुठलाही स्विच न दाबता सगळ्यांना खाली उतरवून लांब न्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

आणि घरात आजारी माणूस असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, तर कधीतरी अडणाऱ्या गाडीवर विसंबू नका. वेळ आली तर आधी १०८ ला फोन लावा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शेजारच्याची गाडी बघा. आपली गाडी चालू होते का, हे सगळ्यात शेवटी.