पाळणा कोण हलवितो?



मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. शाळेत एखादा मुलगा पहिला आला म्हणजे आपण ती कौतुकाने म्हणतो, आणि एखादा नापास झाला म्हणजे तीच म्हण उलटी करून त्याच्या आईबापांवर टाकतो. ‘घरचे वळणच नाही, पोर काय शिकणार!’ हे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत मास्तरांकडून ऐकले, मालकांकडून ऐकले आणि दुर्दैवाने खुद्द कामगारांच्या तोंडूनही ऐकले. आज मला एवढेच विचारावयाचे आहे की, पाय पाळण्यात दिसत असतील तर तो पाळणा हलवीत कोण होते? आणि तो हलवावयास त्या माणसाला वेळ कोणी ठेवला होता?

बीबीहून सिंदखेडराजा फार दूर नाही. जिजाऊंचे माहेर आपल्या अंगणाशी आहे, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. आईने मूल घडविले, याचा त्याहून मोठा दाखला महाराष्ट्रात नाही. परंतु जिजाऊंजवळ मुलाला द्यावयाला वेळ होता, वाडा होता, भोवती जाणती माणसे होती. दुसऱ्याच्या शेतात दिवस उगवण्यापूर्वी कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला आपण जिजाऊंचा आदर्श सांगतो. तिला वेळ देण्याची गोष्ट मात्र कोणी काढीत नाही.

माझी आई वऱ्हाडातल्या एका पेठेच्या गावी जिनिंगमध्ये कामाला होती. आपल्या भागातील जिनिंगचा इतिहास जुना आहे. १८७० साली खामगावी आगगाडी आली आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तेथील कापसाचा बाजार उघडला गेला. त्यानंतर वऱ्हाडचा कापूस जगभर गेला, त्याची मोजदाद झाली, पुस्तके लिहिली गेली. पण रुईच्या ढिगाशेजारी झोळीत निजलेल्या पोरांची मोजदाद कोणी ठेवली नाही. मी त्यांतलाच एक. सहा महिन्यांचा झाल्यावर मला सांभाळण्यासाठी माझ्या थोरल्या बहिणीची शाळा सुटली. ती दुसरीत होती. तिसरीचे पुस्तक तिने कधी पाहिले नाही. मी आठवीपर्यंत शिकलो आणि पुढे युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्रे वाचता वाचता जे काही थोडेबहुत कळले ते कळले. माझी बहीण मात्र आजही अंगठा करते. तेव्हा माझा पाळणा कोणी हलविला, या प्रश्नाचे उत्तर मला पाठ आहे.

ही माझ्या एकट्या घरची गोष्ट असती तर मी ती या व्यासपीठावरून सांगितली नसती. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात हेच कारण नोंदले आहे: गरीब शेतकऱ्याला गुरे राखायला आणि शेताकडे पाहायला मुले लागतात, म्हणून ती शाळेत येत नाहीत. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी जोतीरावांनी त्याच वेळी केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचे व मोफत केले. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदे मंडळापुढे तसलेच विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

परंतु हे सारे शाळेच्या वयाबद्दल झाले. त्याआधीच्या पाच-सहा वर्षांचे काय? मुंबईच्या गिरणगावात याचे भयंकर उत्तर सापडते. १९२२ साली डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली. या स्त्रियांच्या शंभर तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. अफूच्या त्या बारीक गोळीला ‘बाळगोळी’ असे गोड नाव होते. आई पाळीवर जाताना ती गोळी देई, म्हणजे परत येईपर्यंत मूल झोपून राही. त्या आया क्रूर होत्या काय? मुळीच नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: मूल रडत ठेवणे, नाहीतर मजुरी बुडविणे. ज्या वयात मुलाने बोलणे ऐकावे, हाताने वस्तू चाचपाव्या, हसावे, त्या वयात ते गुंगीत पडलेले असे. पुढे शाळेत ते मूल ‘मठ्ठ’ ठरले, तर दोष कोणाच्या घराचा?

यातूनच मुंबईत १९२९ साली प्रसूति-साहाय्याचा कायदा आला. त्याच्या चर्चेत १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी कायदे मंडळात पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने, पन्नासाहून अधिक स्त्रिया जेथे कामाला असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरविले, आणि १९७६ साली हा आकडा तीसवर आणला. कायदा चांगला होता, पण मालकाला मोजता येते! मी युनियनचे काम सुरू केले तेव्हा एका कारखान्यात बाया पुष्कळ दिसत. हजेरीपट पाहिला तर तेथे बरोबर तीस. बाकीच्या ठेकेदाराच्या वहीत! एकतिसावे नाव लिहावे म्हणून आम्ही भांडलो. ते भांडण पगाराचे नसून लेकरांच्या बुद्धीचे आहे, हे मला तेव्हा पुरते उमगले नव्हते.

आता जगाकडे पाहा. कापडाच्या धंद्यात मुले भरडली गेली, आणि त्यांच्यासाठी पहिली शाळाही त्याच धंद्यात निघाली. रॉबर्ट ओवेनने १८१६ साली स्कॉटलंडातील न्यू लॅनार्क येथे आपल्या सूतगिरणीजवळ कामगारांच्या लहानग्यांसाठी शाळा उघडली. १९०७ साली मारिया माँटेसोरीबाईंनी रोम शहरातील कामगारांच्या चाळींत पहिले बालगृह चालविले. आईबाप कामावर गेले की मागे मोकळी राहिलेली पोरे भिंती खराब करतात, म्हणून चाळमालकांनाच ते हवे होते! हेतू काही का असेना, ज्यांना लोक उनाड म्हणत ती मुले तेथे आपण होऊन लिहू लागली.

तीच ज्योत भावनगरच्या गिजुभाई बधेकांकडून ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात आणली. ताराबाईंनी दादरला शहरी मुलांची बालशाळा चालविली. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. १९४५ साली त्यांनी बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी निघाली ती मुलेच येईनात. तेव्हा बाई वस्तीत गेल्या आणि मुलांच्या अंगणातच शाळा भरविली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. ‘विकासवाडी’त तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली, कारण कडेवरचे भावंड कोठे तरी ठेवल्याखेरीज मोठी बहीण वर्गात बसू शकत नाही, हे या दोघींनी ओळखले होते. ही हकीकत मी प्रथम वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. जे उत्तर माझ्या बहिणीला हवे होते, ते तिच्या जन्माआधीच महाराष्ट्रात सापडलेले होते. आमच्या गावापर्यंत ते पोचले नाही, इतकेच.

घराचा मुलाच्या शिक्षणावर परिणाम होतो, हे कोणी नाकारीत नाही. १९६६ साली अमेरिकेत कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळेच्या इमारतीपेक्षा व साधनांपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा त्याच्या यशाशी अधिक संबंध आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. कित्येकांनी यावरून हात झटकले: घरच तसे, शाळा काय करणार? पण घर बदलता येते. जमैका बेटावर १९८६-८७ साली खुरटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा जात. घरी केलेल्या साध्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, त्याच्याशी कसे बोलावे, हे त्या आईला दाखवीत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, भेट न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक निघाली. आया त्याच, घरेही तीच; फक्त आईच्या शेजारी कोणी तरी येऊन बसले.

आपल्याकडे हे काम अंगणवाडीच्या सेविका करतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आता ती गावोगाव आहे. सेविकेला मात्र वर्षानुवर्षे कामगार म्हटले गेले नाही. तिचा पगार नव्हे, ‘मानधन’! २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, तेव्हा कोठे तिची सेवा कायद्याच्या हिशेबात आली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला; सहाच्या आतील बालकांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा, एवढेच लिहिले. पाया प्रयत्नावर आणि भिंत हक्कावर, असे हे बांधकाम आहे. अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढण्याची योजना २०२२ साली आली. तिचे नाव ‘पाळणा’ असेच आहे. नाव चांगले आहे. तो पाळणा मजुरणीच्या वेळेप्रमाणे हलला पाहिजे.

एक कबुली देऊन संपवितो. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मोर्चे काढीत असताना माझा मुलगा कोणत्या वर्गात आहे, हे मला एकदा मास्तरांपुढे सांगता आले नाही. तो मागे पडला, आणि मीदेखील घरात येऊन बायकोलाच बोललो. म्हणून आज मी बापांनाही मोकळे सोडीत नाही. रात्री अर्धा तास पोराशी बोलायला युनियन लागत नाही, सरकारही लागत नाही. पण दिवसाचे दहा तास आईबापांचे बाहेर जात असतील, तर ते अर्ध्या तासाने भरून निघत नाहीत. तेथे गाव उभे राहिले पाहिजे.

माझी गावाला विनंती लहान आहे. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या मुली धाकट्या भावंडांपायी शाळेला मुकतात, त्यांची यादी करा. वेचणीपुरती का होईना, त्या भावंडांची दिवसभर सोय करा, आणि सांभाळणाऱ्या बाईला तिची मजुरी द्या. त्या यादीत ज्या मुलीचे नाव असेल, तिच्या कडेवर बसून कोणी तरी उद्याचा वक्ता या व्यासपीठाकडे येत असेल. तो आला म्हणजे ती मागे राहू नये.