नायगावची स्वस्ताई कुणाच्या जिवावर?

नायगाव म्हटलं की चळवळीतल्या माणसाच्या डोळ्यासमोर आधी सावित्रीमाईंचं सातारा जिल्ह्यातलं गाव उभं राहतं. हा लेख त्या नायगावचा नाही. हा नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव (खैरगाव) तालुक्याचा आहे. नरसी, कुंटूर, बरबडा, मांजरम, कृष्णूर या गावांचा. इथे बदलून आलेला साहेब असो, शिक्षक असो की बँकेतला कर्मचारी, एक वाक्य हमखास ऐकवतो: "इथं राहायला स्वस्त आहे." घरभाडं कमी, भाजी ताजी, दूध दारात, कामाला बाई सांगितली की हजर. पगार शहराचा आणि खर्च खेड्याचा, मग आणखी काय पाहिजे?

आम्ही एवढंच विचारतो की हे सगळं स्वस्त कशाने झालं? भाजी स्वस्त आहे, कारण ती खुरपणाऱ्या बाईचा रोज स्वस्त आहे. बांधकाम स्वस्त आहे, कारण वीट थापणारा आणि पाटी उचलणारा स्वस्त आहे. ज्याच्या मजुरीतून ही स्वस्ताई निघते, त्याला हाच तालुका महाग पडतो. त्याला गोडेतेल, गॅसची टाकी, औषधाची गोळी, मोबाइलचा रिचार्ज आणि पोराच्या कॉलेजचं पुस्तक शहराच्याच भावाने घ्यावं लागतं. म्हणजे एकाच तालुक्यात दोन बाजारभाव आहेत. सरासरी काढणारा माणूस त्या दोहोंची बेरीज करतो, दोनाने भागतो आणि अहवाल छापतो.

ही सरासरीची सवय आजची नाही. नांदेड भागातल्या माणसाचं उत्पन्न मोजण्याचा उद्योग निजामाच्या काळापासून चालू आहे. 1929-30 साली हैदराबाद संस्थानाने एस. केशव अय्यंगार यांच्याकडून आर्थिक पाहणी करून घेतली आणि त्यात नांदेड जिल्हाही होता. पुढे 1949 ते 1951 या काळात त्यांनीच ग्रामीण पाहणी पुन्हा केली. काम मेहनतीचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या काळच्या गावगाड्यात आमच्या आजा-पणजाचं 'उत्पन्न' कोणत्या रकान्यात बसणार होतं? मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा न्यायचा, सरकारी माणसाची वेठ करायची आणि सुगीला खळ्यावर हात पसरायचा. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरायचं, पण उचल मात्र आधीच लग्नात नाहीतर आजारपणात खर्चून गेलेली असायची. फिटली नाही तर पुढचं साल, तरीही फिटली नाही तर पोरगा. हैदराबाद संस्थानात या पद्धतीला 'भागेला' म्हणत, आणि ती इतकी माजली होती की खुद्द निजाम सरकारला 1936 साली भागेला करारांवर कायदा करावा लागला. वेठीला भाव नसतो. ज्याला भाव नाही ते उत्पन्नात धरत नाहीत आणि खर्चातही धरत नाहीत.

पोलिस कारवाईनंतर 1949 साली जहागिऱ्या गेल्या. 1950 साली हैदराबादचा कूळकायदा आला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हा भाग मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. पण कूळकायद्याने जमीन मिळाली ती कुळाला. आमची माणसं बहुतेक कूळसुद्धा नव्हती, ती कुळाच्या शेतावरची मजूर होती. कसणाऱ्याला जमीन या घोषणेत जो खरोखर नांगर धरत होता तोच वगळला गेला, कारण कागदावर कसणारा दुसराच होता. आजच्या तालुक्यातल्या उत्पन्नाच्या दरीचं मूळ शोधायचं असेल तर ते इथे आहे, सोयाबीनच्या भावात नाही.

बाबासाहेबांनी हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. 1918 साली लिहिलेल्या भारतातील लहान शेतजमिनींवरच्या निबंधात ते म्हणतात की, जमिनीचा तुकडा लहान की मोठा यावर शेतीचं भलंबुरं ठरत नाही. त्या तुकड्याला भांडवल, अवजारं, श्रम किती जोडले जातात यावर ठरतं. जमिनीवर रिकाम्या हातांचा भार आहे, तो उतरवायला उद्योग हवेत. महाराष्ट्रात 1970-71 साली सरासरी शेतखातं 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 साली ते 1.34 हेक्टरवर आलं. रिकामे हात मात्र होते तिथेच आहेत. नाहीतर हैदराबादच्या बांधकामांवर आणि उसाच्या फडात आहेत.

1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यांच्याच कारकिर्दीत 1944 साली रेगे समिती नेमली गेली, मजुरांची मिळकत आणि राहणीमान तपासायला. 11 एप्रिल 1946 रोजी त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं, ज्याचा 1948 साली कायदा झाला, आणि त्या कायद्याच्या परिशिष्टात शेतमजूर आला. याचा अर्थ नीट घ्या. बाबासाहेबांच्या लेखी राहणीमान मोजायचं ते मजुराच्या चुलीपासून, गावाच्या सरासरीपासून नव्हे. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, अशी घटनात्मक तरतूदच सुचवली होती.

स्वतंत्र भारतातल्या मोजणीने हा धागा सोडला. 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. 1960-61 च्या भावाने खेड्यातल्या माणसाला महिना 15 रुपये, ही त्यांची रेषा. गरिबी हा आकड्याचा विषय झाला ही त्याची चांगली बाजू. त्याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली 1983 साली प्रादेशिक असमतोलाची समिती नेमली गेली आणि 1984 साली तिने राज्याचा एकूण अनुशेष 3,186.78 कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा 750.85 कोटी. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा; राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे, एवढंच मोजलं. मराठवाड्यावर अन्याय झाला हे त्यातून सिद्ध झालं आणि ते खरंच आहे. पण मराठवाड्यात कुणावर किती अन्याय झाला, हे विचारायची सोय त्या कोष्टकात नव्हती. रस्ता गावापर्यंत आला की गावाचा अनुशेष भरला. तो पाटलाच्या वाड्याशी थांबला की आमच्या वस्तीपर्यंत आला, याला रकाना नाही. कालव्याचं पाणी आलं की हेक्टर वाढले. ज्याच्याकडे हेक्टरच नाही त्याचं काय, यालाही नाही.

आणि इथे एक गोष्ट तरुण कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. समजा दांडेकर समितीला आमची वस्ती वेगळी मोजायची इच्छा झाली असती, तरी जनगणनेने साथ दिली नसती. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध म्हणून नोंद करणारा माणूस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर पडला. 1961, 1971, 1981 या तिन्ही जनगणनांत तो अनुसूचित जातींत धरला गेला नाही. 1981 साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण 7.1 टक्के दिसतं आणि 1991 साली एकदम 11.1 टक्के. दहा वर्षांत काही आमच्या घरी जुळी-तिळी जन्मली नव्हती. 1990 साली नवबौद्धांना यादीत घेतलं गेलं, मुख्यतः त्यामुळे ही वाढ दिसली. म्हणजे मराठवाड्याचा अनुशेष मोजला जात होता ती सगळी वर्षं आमच्या समाजाचा सर्वांत जागा असलेला हिस्सा सरकारी वहीत हजरच नव्हता. 2011 साली नांदेड जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे 19 टक्के होत्या, राज्यात 11.8 टक्के. पाचातला जवळपास एक माणूस.

2011 साली केळकर समिती आली. तिच्याकडे तालुका हा घटक धरून विचार करायचं काम सोपवलं होतं. जिल्ह्यावरून तालुक्यावर येणं ही प्रगतीच, पण तालुक्याच्या खालीही एक पायरी असते आणि तिथे वेशीबाहेरची वस्ती असते. तिथवर समित्या उतरत नाहीत.

राहणीमान म्हणजे नुसती मिळकत नाही, हे 1978 ने आपल्याला रक्ताने शिकवलं. 27 जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. हजाराहून अधिक गावांना झळ पोहोचली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जीव गमवावा लागला. त्या दंगलीत जळालं काय, ते बघा. घरं जळाली, कणगीतलं धान्य जळालं. वाद विद्यापीठाच्या नावाचा होता, मग ज्वारी का जाळली? कारण ती ज्वारी आता खळ्यावर मागून आणलेली नव्हती. पोरगा मिलिंदमध्ये शिकत होता, बाप वेठीला जात नव्हता, अंगावर धड कपडा होता. राग या बदललेल्या राहणीमानाचा होता. आणि तो विझला असं म्हणायची हिंमत आम्हाला होत नाही; 1 जून 2023 रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत भीमजयंतीच्या रागातून एका तरुण कार्यकर्त्याचा खून झाल्याचा गुन्हा नोंद झाला. जिथे निळा झेंडा लावायला पोलिस बंदोबस्त लागतो, तिथलं जीवनमान कोणत्या निर्देशांकात बसवायचं?

आता आजच्या आकड्यांकडे येऊ. तेंडुलकर पद्धतीने 2011-12 साली ग्रामीण महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा महिना 967 रुपये होती. राज्याच्या रेशनच्या नियमात ग्रामीण कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 44,000 रुपये. रोजगार हमीचा 2024-25 चा दर दिवसाला 297 रुपये. घरातल्या एकाच माणसाने वर्षात 150 दिवस त्या दराने काम केलं तर 44,550 रुपये होतात, आणि ते घर कागदावर रेशनच्या मर्यादेबाहेर जातं! दुसरीकडे आमच्या पोराला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी तर पालकाचं उत्पन्न 2.5 लाखांच्या आत पाहिजे, आणि 2019 पासून सवर्णांना आर्थिक दुर्बल ठरवायची मर्यादा 8 लाख. एकाच देशात गरिबीची तीन मापं. कुणासाठी कोणतं माप काढायचं, हे ठरवणाऱ्याच्या हातात तराजू आहे.

चौथं माप आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं. नांदेडसारख्या महापालिकेच्या शहरात राहून शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी स्वाधार योजनेत सरकारने वर्षाला 51,000 रुपये धरले. त्यात जेवणाचे 28,000. म्हणजे एका माणसाच्या जेवणाला दिवसाला 77 रुपये लागतात, हे सरकारला माहीत आहे. मग 44,000 मध्ये अख्खं कुटुंब वर्षभर कसं जगतं, हे कोणत्या खात्याला विचारायचं?

याच तालुक्यात कृष्णूरची औद्योगिक वसाहत आहे. कारखाने आले की मजुराला हक्काचा रोज मिळेल, अशी आशा होती. पण राज्यभर कृष्णूरचं नाव गाजलं ते जुलै 2018 मध्ये, जेव्हा सरकारी रेशनचं धान्य काळ्या बाजारासाठी तिथल्या एका कंपनीत आणल्याच्या आरोपावरून पोलिसांनी ट्रक पकडले. प्रकरण पुढे सीआयडीकडे गेलं. न्यायालय काय ते ठरवेल. पण गरिबाच्या ताटातलं धान्य त्याच्याच तालुक्यात ट्रकभर पकडलं जातं, तेव्हा 'धान्य मोफत आहे' हे वाक्य हिशेबात किती धरायचं ते आपण ठरवावं. दवाखान्याचंही तेच. मोठं दुखणं आलं की नायगावचा गरीब नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात जातो. तिथे 2023 च्या सप्टेंबरअखेरीस 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात होते. खासगीत जायचं तर सावकार. शेकडा 3 रुपये महिन्याने घेतलेलं कर्ज वर्षाला 36 टक्क्यांनी वाढतं. पगारदाराला हेच कर्ज बँक याच्या निम्म्याहून कमी दराने देते. म्हणजे पैसासुद्धा गरिबालाच महाग.

मग यावर उपाय? गायरानाचा हिशेब पहिला. दादासाहेब गायकवाडांचा 1964-65 चा भूमिहीनांचा सत्याग्रह, पुढे मराठवाड्यातली गायरान हक्काची चळवळ, आणि त्या रेट्याने निघालेला 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय, ज्याने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची होती. नायगाव तालुक्यात त्या निर्णयाखाली किती अर्ज आले, किती सातबारे झाले, किती फायली अजून दप्तरात आहेत, हे माहितीच्या अधिकारात गावनिहाय मागता येतं. दुसरा हिशेब ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातल्या 15 टक्के मागासवर्गीय खर्चाचा आणि दलित वस्तीच्या निधीचा. त्या निधीतला रस्ता नेमका कुणाच्या दारात संपला, हे टेप घेऊन मोजता येतं.

तिसरं काम जयंती मंडळांनी करायचं आहे. वर्गणीची वही आपल्याकडे घरनिहाय तयार असतेच. तिच्यात आणखी काही रकाने आखा. घरात सातबारा आहे का? वर्षात किती दिवस काम मिळालं, कुठे, किती रोजाने? कर्ज कुणाचं आणि कोणत्या दराने? नळ दारात की दुसऱ्याच्या आळीत? शेवटचं बाळंतपण कुठे झालं आणि त्याला किती पैसे लागले? पोरगी कितवीत सुटली? रेशन किती किलो पदरात पडलं आणि कार्डावर किती लिहिलं? आणि माणूस मेल्यावर न्यायला वाट आहे का, की पावसाळ्यात कुणाच्या बांधावरून परवानगी मागत जावं लागतं? ही वही भरली की तिची एक प्रत तहसीलला द्या, एक गटविकास अधिकाऱ्याला आणि एक ग्रामसभेत मोठ्याने वाचा, म्हणजे ती इतिवृत्तात नोंदवून घेता येईल.