नकार कुठे शोधायचा? महाड तालुक्यात फसलेला एक प्रश्न

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा विषय कागदावर फार छान दिसत होता. ‘सद्सद्विवेकाच्या आधारे लष्करी सेवेला नकार देणारे तरुण : दक्षिण कोकण, १९१४ ते १९४५’. आमचं घर नात्याचं. महाडहून रायगडाकडे जाताना लागतं ते गाव. म्हटलं, आपल्याच भागातली दहा-बारा माणसं सापडली तरी एक प्रकरण होईल.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा शेजारच्या एका निवृत्त सुभेदार काकांना विचारलं, “काका, पूर्वी फौजेत जायला नाही म्हणणारं कुणी होतं का हो आपल्याकडे?” ते हसायलाच लागले. “नाही कोण म्हणणार? नाही म्हणायला आधी कुणी बोलवायला नको? इथे भरतीत छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून रडत परत आलेली पोरं बघितलीत मी.”

तेव्हा वाटलं, काकांना विषय कळला नाही. खरं तर मलाच कळला नव्हता. कोणता प्रश्न कुठून उचलून आणला, हे आपण तपासत नाही. ते तपासायला मला दीड वर्ष लागलं, म्हणून हे लिहितोय.

माझा प्रश्न मी इंग्लंडमधून उचलला होता. तिथे १९१६ च्या लष्करी सेवा कायद्याने सक्तीची भरती आली आणि त्याच कायद्यात विवेकाच्या कारणाने सूट मागायची तरतूदही होती. त्यासाठी स्थानिक न्यायाधिकरणं बसली. पहिल्या महायुद्धात तिथे सोळा हजारांच्या वर माणसांनी असा नकार दिला. पस्तीस जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला आणि मग ती शिक्षा दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. कायदा होता म्हणून अर्ज आले, अर्ज होते म्हणून सुनावण्या झाल्या, आणि सुनावण्यांचे कागद उरले. इतिहासकाराला हवं ते सगळं.

हिंदुस्थानात हिंदी माणसांवर सक्तीची भरती नव्हतीच. १९१७ चा इंडियन डिफेन्स फोर्स कायदा आला, पण त्यातली सक्ती होती इथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांपर्यंत गेली, तीही कागदोपत्री ‘स्वेच्छेने’. गावचा खोत, सावकाराचं कर्ज, न पिकलेलं वरकस आणि पेन्शनची आशा यांतून आलेल्या इच्छेला स्वेच्छा म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न. पण कायद्याची सक्ती नाही म्हणून सूट नाही, सूट नाही म्हणून अर्ज नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात मी जी फाईल शोधत होतो, ती हरवलेली नव्हती. ती कधी उघडलीच गेली नव्हती.

उलट महाडच्या बाबतीत कागद सापडतात ते ‘आम्हाला घ्या’ म्हणणाऱ्यांचे. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. लष्करात नोकरी करून १८८६ मध्ये निवृत्त झाले, दापोलीत राहिले, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची भरती बंद केली. कोणत्या जाती ‘लढवय्या’ आणि कोणत्या नाहीत, याचं नवं शास्त्र तेव्हा लष्करात जोरात होतं. त्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ मध्ये मुंबईच्या सरसेनापतींसाठी विनंतिपत्र तयार केलं. आम्ही मूळचे क्षत्रिय, कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलो, मग आता दार बंद का? १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे असाच अर्ज केला. १९१७ मध्ये युद्धाची गरज लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडली.

म्हणजे नकार होता, पण तो देत होतं सरकार. फौज म्हणजे पगार, पेन्शन आणि शिवाय शाळा. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते, हे आपण चरित्रात एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. त्या ओळीवर थांबायला हवं. ज्या माणसाला गावात पाणवठ्यावर जाता येत नाही, त्याला बंदूक नाकारण्याची नैतिक श्रीमंती आधी परवडायला हवी.

मग विवेकाने युद्ध नाकारणारं आपल्याकडे कुणी नव्हतंच? होतं, आणि याच जिल्ह्यात जन्मलेलं होतं. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला त्यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण केलं: या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे. २१ तारखेला अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा. गांधींनी पहिला मान त्यांना दिला त्यामागे कारण होतं. नेहरू दुसरे, पण त्यांचा विरोध होता पारतंत्र्यात लादलेल्या या युद्धाला. विनोबांचा विरोध युद्ध या गोष्टीलाच. त्या मोहिमेत वीस हजारांच्या वर लोक तुरुंगात गेले. त्यातले विनोबांच्या जातीचे विरोधक किती आणि नेहरूंच्या जातीचे किती, हे शिक्षेच्या आकड्यांवरून कळणं शक्य नाही. (इथे ‘जात’ म्हणजे प्रकार. महाराष्ट्राच्या इतिहासावर लिहिताना हा शब्द जपून वापरा, मार्गदर्शक लाल शाई फिरवतात.) आणि ज्या गांधींनी ही मोहीम उभी केली, तेच १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. माणसाचं एक वाक्य उचलून त्याला आयुष्यभराचा ‘शांततावादी’ ठरवू नका.

विनोबा तुरुंगात जात-येत होते त्याच काळात आंबेडकर महारांच्या भरतीसाठी सरकारच्या मागे लागले होते. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. एकच जिल्हा, जेमतेम एका वर्षाचं अंतर. एकाला फौज म्हणजे हिंसेची यंत्रणा, दुसऱ्यांना गावगाड्यातून सुटायची वाट. यातला कोण बरोबर, हे ठरवायचा मोह मला दोन महिने होता. मग तो प्रश्न सोडला, कारण तोवर तिसरी गोष्ट दिसली होती.

महाड तालुक्यात सक्तीची सेवा होती. फक्त ती लष्करी नव्हती. वतनदार महाराने सरकारी टपाल पोचवायचं, अंमलदाराचं ओझं वाहायचं, मयताची खबर गावोगाव न्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. रात्री हाक आली तरी उठायचं. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत चवदार तळ्याच्या जोडीने हाही विषय होता: मेलेल्या जनावराचं मांस सोडा, आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरं आपणच पुरावीत. २० मार्चला तळ्याचं पाणी घेतलं, त्याच दिवशी लोकांना मारहाण झाली. परिषदेला आलेल्यांत लष्करी पेन्शनर बरेच होते, हे विसरू नका. पुढे १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. कनिष्ठ वतनं प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ उजाडलं.

ढोर ओढायला नाही म्हणणारा महाडचा तरुण, मला हवा होता तो हाच होता. ‘हे काम माझ्या माणूसपणाला धरून नाही’ हे त्याचं कारण. त्याला न्यायाधिकरण नव्हतं. नकाराची शिक्षा गाव द्यायचं: बलुत्याचं धान्य बंद, चराई बंद, दुकानदार माल देत नाही. इंग्लंडमधल्या नकाराइतकाच हा विवेकाचा नकार आहे असं मी म्हणतो. माझ्या समितीतल्या एका सदस्यांना हे ताणलेलं वाटतं. जीव घेण्यास नकार आणि अपमानास नकार या दोन गोष्टी एकत्र करू नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आक्षेपात दम आहे, आणि पूर्ण उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पण एक दुवा मला महत्त्वाचा वाटतो. संविधानाचं कलम २३ वाचा. पहिल्या उपकलमात वेठबिगारीला बंदी आहे. दुसऱ्यात राज्याला सार्वजनिक कारणासाठी सक्तीची सेवा लादायची मुभा आहे, मात्र ती केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव न करता. वेठ आणि सक्तीची सेवा, दोन्ही एकाच कलमात शेजारी-शेजारी. मी वेगळ्या कपाटांत शोधत होतो त्या गोष्टी तिथे एकत्र आहेत. विवेकाच्या कारणाने सूट मात्र त्या कलमात लिहिलेली नाही.

तेव्हा आता शोध बदललाय. लष्कर आणि गृह खात्याच्या याद्या बाजूला ठेवल्या, महसूल खात्याच्या मागवल्यात, कारण वतन हा महसुलाचा मामला. नवीन शीर्षकातून ‘लष्करी’ शब्द काढलाय. दिवाळीत घरी गेलो तेव्हा काकांना ते वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझा आजा फौजेत का गेला, ठाऊक आहे? ढोर ओढायला नको म्हणून.”