काळ्या कपड्यातला माणूस

प्रयोग चालू असताना रंगमंचावर सामान हलवणाऱ्या कामगाराने कोणते कपडे घालावेत? प्रश्न किरकोळ वाटेल, पण जपानी रंगभूमीने त्याचा शेकडो वर्षे बारकाईने विचार केला आहे.

काबुकी नाटकात 'कुरोगो' नावाचा मदतनीस असतो. तो नटाच्या हाती वस्तू देतो, भर रंगमंचावर त्याचा पोशाख बदलायला मदत करतो. अंगात काळे कपडे, तोंडावर काळे फडके. काळा म्हणजे 'इथे कोणी नाही', हा प्रेक्षकांशी झालेला करार. बर्फाच्या प्रसंगात तोच माणूस पांढरे कपडे घालतो, समुद्राच्या प्रसंगात निळे.

पण लपणे हाच एक मार्ग नाही. नृत्यप्रधान काबुकीत काही मदतनीस तोंड न झाकता रीतसर मानाच्या पोशाखात बसतात. नो नाटकात मागे बसणारा 'कोकेन' स्वतः मुरलेला नट असतो. मुख्य नट मध्येच आजारी पडला, तर तो भूमिका पूर्ण करतो. बुनराकु बाहुलीनाट्यात 1734 पासून एक बाहुली तिघे चालवू लागले. त्यातला प्रमुख पुष्कळदा उघड्या चेहऱ्याने वावरतो, उरलेले दोघे काळ्या बुरख्यात. म्हणजे कपड्यांवरून दर्जाही ठरतो.

याची दुसरी बाजू रंगमंचाखाली आहे. 1758 मध्ये ओसाकात नामिकी शोझो यांनी काबुकीत फिरता रंगमंच आणला. तो खाली अंधारात माणसे ढकलून फिरवत. त्या तळघराला 'नाराकु' म्हणतात. हा शब्द बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेलेला आपला 'नरक'च आहे! तिथल्या माणसाच्या पोशाखाचा प्रश्नच नव्हता, कारण तो कुणाला दिसतच नव्हता.

मराठीत 1962 साली अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' फिरत्या रंगमंचावर आले. प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका आजही लोकांच्या ओठी आहेत. पडद्यामागे राबणारे हात कुणाला आठवतात?

माझे मत असे, की जो कामगार प्रेक्षकांसमोर येतो त्याला नाटकाला शोभेल असा पोशाख द्यावा. घरच्या शर्ट-पँटमध्ये खुर्ची उचलायला पाठवले, की नाटकाचाही रसभंग होतो आणि त्याचीही अडगळ होते. पोशाख दिला, की तो नाटकाचा भाग ठरतो. आणि जो कधीच समोर येत नाही, त्याला निदान प्रयोग संपल्यावर नटांच्या रांगेत उभे करावे.