हजेरीपटावरचे नाव

आपल्या फुलपाड्यातून विरारची लोकल धरून जे परळच्या गिरण्यांत राबले, त्यांना के. ई. एम. रुग्णालय ठाऊकच आहे. तेथील डॉक्टरमंडळींनी 1955 साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे इंग्रजी नियतकालिक काढले, आणि या शतकाच्या आरंभी ते इंटरनेटवर सर्वांना फुकट वाचावयास दिले. मोठेच काम! परंतु दार उघडे असून भागत नाही. येणाऱ्याला पत्ता हवा. तो सूची देते. 1879 साली अमेरिकेत बिलिंग्ज यांनी वैद्यकीय लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केली. तिचाच वारसा सांगणारी ‘पबमेड’ 1997 पासून जगाला मोफत आहे. केवळ खुल्या नियतकालिकांची नोंदवही स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने 2003 साली उघडली.

आम्हा कामगारांना यात नवल नाही. हजेरीपटावर नाव नसले, की दिवसभर राबूनही पगार नाही. म्हणून पट कोणाच्या हाती, हा आमचा पहिला सवाल असतो. 2019 साली विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी आली. तिचे काम पुणे विद्यापीठातून चाले. प्राध्यापकांच्या नेमणुकी-बढतीत तिचे वजन मोठे. 2025 साली आयोगाने ती बंद केली. नियतकालिकाची पारख आता ज्या त्या विद्यापीठाने करावयाची आहे.