लॉर्ड्सवर भारत २२ धावांनी हरला: जडेजाने फटके मारायला हवे होते का? चाहत्यांचे ५ वाद आणि स्कोअरकार्डचं उत्तर

१४ जुलै २०२५. लॉर्ड्स कसोटीचा पाचवा दिवस. शोएब बशीरचा चेंडू मोहम्मद सिराजने बॅटच्या मधोमध खेळला. पण चेंडू जमिनीवर आपटून मागे गडगडत गेला, स्टंपला हलकेच लागला आणि बेल पडली. भारत १७० वर सर्वबाद. लक्ष्य १९३ होतं. दुसऱ्या टोकाला रवींद्र जडेजा ६१ धावांवर नाबाद उभा होता.

त्यानंतर सोशल मीडियावर जे सुरू झालं ते तुम्हीही पाहिलं असेल. कुणी जडेजाला 'एकांडा शिलेदार' म्हटलं, तर कुणी 'याने फटके मारले असते तर जिंकलो असतो' म्हणून त्यालाच धारेवर धरलं. कुलदीप यादव संघात का नाही, पंत धावबाद झालाच कसा, बुमराहला सगळे सामने का खेळवत नाहीत, यावरूनही बरीच खडाजंगी झाली.

या वादांमध्ये तथ्य किती आहे? स्कोअरकार्ड काय सांगतं? एकेक मुद्दा पाहूया.

आधी सामना थोडक्यात

- इंग्लंड, पहिला डाव: ३८७ (जो रूट १०४, बुमराह ७४ धावांत ५ बळी)
- भारत, पहिला डाव: ३८७ (के. एल. राहुल १००, पंत ७४, जडेजा ७२)
- इंग्लंड, दुसरा डाव: १९२ (वॉशिंग्टन सुंदर २२ धावांत ४ बळी)
- भारत, दुसरा डाव: १७० (जडेजा नाबाद ६१, आर्चर आणि स्टोक्स प्रत्येकी ३ बळी)

दोन्ही संघांचा पहिला डाव ३८७ वरच संपला. म्हणजे सामना दुसऱ्या डावावर आला आणि तिथे भारत २२ धावांनी कमी पडला. पाच सामन्यांच्या अँडरसन-तेंडुलकर ट्रॉफीत इंग्लंडने २-१ अशी आघाडी घेतली.

वाद १: जडेजा फारच सावध खेळला का?

सगळ्यात जास्त भांडण याच मुद्द्यावर झालं. जडेजाने १८१ चेंडूंत ६१ धावा केल्या. सामन्याला भरपूर वेळ शिल्लक होता, त्यामुळे घाई करायची गरज नव्हती. गरज होती ती विकेट टिकवण्याची.

पाचव्या दिवशी सकाळी भारताची अवस्था ७ बाद ८२ झाली होती. त्यानंतर काय झालं ते पाहा:

- नितीश रेड्डीसोबत ३० धावा
- जसप्रीत बुमराहसोबत १३२ चेंडूंत ३५ धावा
- सिराजसोबत ८० चेंडूंत २३ धावा

म्हणजे पहिल्या सात विकेट ८२ धावांत पडल्या आणि शेवटच्या तीन विकेटसाठी ८८ धावा जोडल्या गेल्या. ७ बाद ८२ वर ज्यांनी टीव्ही बंद केला होता, त्यांनी तो पुन्हा लावला तो जडेजाच्या याच पद्धतीमुळे.

मग टीका करणाऱ्यांचं म्हणणं काय? त्यांचा मुद्दाही पोकळ नाही. कसोटीत ८० षटकांनंतर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला नवा चेंडू घेता येतो. नवा चेंडू टणक असतो, तो उसळतो आणि स्विंग होतो. तळाच्या फलंदाजासाठी तो यमदूतच. भारताचा डाव ७४.५ षटकांत संपला. म्हणजे नवा चेंडू जेमतेम पाच षटकं दूर होता. तो येण्याआधी, जुना आणि मऊ चेंडू असताना, विशेषतः बशीर आणि रूटच्या फिरकीवर जडेजाने धोका पत्करायला हवा होता, असं या गटाचं म्हणणं. बशीरच्या तर डाव्या हाताच्या बोटाला फ्रॅक्चर होतं.

दुसरी बाजू अशी की बेन स्टोक्सने जडेजासाठी बहुतेक क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पसरवले होते. मोठा फटका म्हणजे झेल जाण्याची शक्यता. एकेरी धाव घ्यावी तर बुमराह किंवा सिराज स्ट्राइकवर येणार. म्हणून जडेजा षटकाच्या शेवटी एक धाव काढून स्ट्राइक स्वतःकडे ठेवायचा प्रयत्न करत राहिला. तरीही बुमराहला ५४ आणि सिराजला ३० चेंडू खेळावे लागले, आणि ते दोघांनी खेळून दाखवले. बुमराह बाद झाला तो स्टोक्सला पुल मारायला गेला तेव्हा. फटका मारायचा प्रयोग एकाने केला आणि त्याचं फळ लगेच मिळालं.

पण आधी कुणी फटके मारून सामना जिंकलाच नाही का?

जिंकलाय, आणि हरलाही आहे. तीन सामने आठवून पाहा.

*चेन्नई, जानेवारी १९९९.* पाकिस्तानविरुद्ध लक्ष्य २७१. सचिन तेंडुलकरने पाठदुखीने बेजार असताना १३६ धावा केल्या. विजयाला १७ धावा हव्या असताना त्याने सकलेन मुश्ताकला उंच फटका मारला आणि तो झेलबाद झाला. त्यानंतर उरलेल्या तीन विकेट ४ धावांत पडल्या. भारत १२ धावांनी हरला. पुढे कित्येक वर्षं लोक एकच प्रश्न विचारत राहिले: 'त्याने तो फटका मारलाच कशाला? शांतपणे एक-एक धाव घेतली असती तर?'

*मोहाली, ऑक्टोबर २०१०.* ऑस्ट्रेलियाविरुद्ध लक्ष्य २१६, भारत ८ बाद १२४. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने पाठ दुखत असताना नाबाद ७३ धावा केल्या. इशांत शर्माने ३१ धावा करत त्याला साथ दिली. दोघांनी ८१ धावा जोडल्या आणि भारत एका विकेटने जिंकला. इथे तळाच्या फलंदाजावर विश्वास टाकणं फळाला आलं.

*हेडिंग्ले, ऑगस्ट २०१९.* स्टोक्सने शेवटच्या विकेटसाठी जॅक लीचसोबत ७६ धावा जोडल्या. त्यात लीचची धाव फक्त एक. स्टोक्सने बेधडक फटके मारले आणि इंग्लंड एका विकेटने जिंकलं. पण त्याआधी स्टोक्सचा एक झेल सुटला होता. विजयाला दोन धावा हव्या असताना नेथन लायनच्या हातून धावबादची सोपी संधी निसटली. पुढच्याच चेंडूवर पायचीतचं अपील पंचांनी फेटाळलं आणि ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यू उरला नव्हता.

१९९९ मध्ये 'फटका का मारला' म्हणून हळहळ झाली आणि २०२५ मध्ये 'फटका का मारला नाही' म्हणून टीका. दोन्ही वेळी सल्ला निकाल लागल्यावर आला. मैदानात उभ्या असलेल्या फलंदाजाकडे मात्र निकाल नसतो. त्याच्याकडे असतो धावफलक, खेळपट्टी, समोरचा गोलंदाज आणि दुसऱ्या टोकाचा जोडीदार. निर्णय बरोबर होता की चूक, हे त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवरूनच ठरवायला हवं.

वाद २: मग सामना नेमका हातातून कुठे गेला?

शेवटचा तास सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण कसोटीत २२ धावा पाच दिवसांत कुठेही सांडू शकतात. लॉर्ड्सवर त्या बऱ्याच ठिकाणी सांडल्या.

*अवांतर धावा:* भारताने दोन्ही डावांत मिळून ६३ अवांतर धावा दिल्या, इंग्लंडने ३०. फरक ३३ धावांचा, म्हणजे पराभवाच्या अंतरापेक्षा जास्त. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात तर २५ धावा निव्वळ बायच्या होत्या.

हा दोष यष्टिरक्षकाचा का? थोडा थांबा. पहिल्याच दिवशी ऋषभ पंतच्या बोटाला दुखापत झाली आणि ध्रुव जुरेलने ग्लोव्हज घातले. २०१७ मधल्या नियमबदलानंतर पंचांच्या संमतीने बदली खेळाडूला यष्टिरक्षण करता येतं. त्याला फलंदाजी मात्र करता येत नाही, म्हणून पंत दुखऱ्या बोटाने बॅटिंगला आला. त्यात लॉर्ड्सचं मैदान एका बाजूने दुसऱ्या बाजूला सुमारे अडीच मीटर उतरतं. त्या उतारामुळे चेंडू फलंदाजाला ओलांडून गेल्यावरही दिशा बदलतो आणि तिथे भल्याभल्या यष्टिरक्षकांची त्रेधा उडते.

*सुटलेला झेल:* इंग्लंडच्या पहिल्या डावात जेमी स्मिथ ५ धावांवर असताना स्लिपमध्ये राहुलकडून त्याचा झेल सुटला. स्मिथने ५१ केल्या. त्याने आणि ब्रायडन कार्सने आठव्या विकेटसाठी ८४ धावा जोडल्या.

*शेवटच्या चार विकेट:* भारत पहिल्या डावात ६ बाद ३७६ वर होता. आघाडी समोर दिसत होती. तिथून शेवटच्या चार विकेट अवघ्या ११ धावांत गेल्या आणि आघाडी शून्यावर राहिली.

वाद ३: पंतचं धावबाद होणं ही राहुलची चूक होती का?

तिसऱ्या दिवशी उपाहाराची वेळ जवळ आली होती. राहुल ९८ वर, पंत ७४ वर, भागीदारी १४१ धावांची. उपाहाराआधी राहुलचं शतक व्हावं म्हणून त्याला स्ट्राइक द्यायच्या घाईत एक धाव चोरायचा प्रयत्न झाला. स्टोक्सच्या थेट फेकीने पंत धावबाद झाला. उपाहारानंतर राहुलचं शतक झालं आणि लगेच तोही १०० वर बाद झाला.

उपाहाराआधी शतक करायची इच्छा आपण पंतला बोलून दाखवली होती, हे राहुलने नंतर स्वतःच सांगितलं. या निर्णयावरची टीका निकालावर अवलंबून नाही. उपाहारानंतरही शतक करता आलंच असतं, आणि हे त्या क्षणीही दिसत होतं. जडेजाचा निर्णय आणि हा निर्णय यांत हाच फरक आहे.

वाद ४: कुलदीपला घ्यायला हवं होतं का?

भारताने जडेजा, सुंदर आणि नितीश रेड्डी असे तीन अष्टपैलू खेळवले. हेतू हा की फलंदाजी आठव्या क्रमांकापर्यंत लांबावी. चाहत्यांचा आक्षेप असा: 'कसोटी जिंकायला २० विकेट लागतात. मनगटी फिरकीपटू बाहेर बसवून फलंदाजीला कशाला ठिगळं लावता?'

मुद्दा रास्त आहे, पण या सामन्याला तो लागू होत नाही. भारताने २० विकेट घेतल्या. इंग्लंडला दुसऱ्या डावात १९२ वर रोखलं. त्यात सुंदरने चार जणांचे त्रिफळे उडवले, त्यात रूट आणि स्टोक्सही होते. नितीशने पहिल्या दिवशी आपल्या पहिल्याच षटकात दोन्ही सलामीवीरांना परत पाठवलं होतं.

गंमत म्हणजे ज्या फलंदाजीसाठी हा संघ निवडला, तीच पाठलागात कोसळली. सुंदर शून्यावर, नितीश १३ वर बाद झाला. म्हणून निवडीवर बोलायचं तर प्रश्न असा विचारावा: आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाज असूनही ७ बाद ८२ का झाले? वरच्या फळीवर यापेक्षा फार कमी पोस्ट आल्या.

वाद ५: बुमराह खेळला की भारत हरतो?

मालिका संपल्यावर हा मुद्दा मीम म्हणून खूप फिरला. पाठीच्या दुखापतीचा इतिहास असल्याने बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच ठरलं होतं. तो हेडिंग्ले, लॉर्ड्स आणि ओल्ड ट्रॅफर्डला खेळला. दोन पराभव, एक अनिर्णित. भारताने एजबॅस्टन आणि ओव्हल जिंकलं, तेव्हा तो संघात नव्हता.

यावरून निष्कर्ष काढायचा का? पाच सामने म्हणजे फार छोटा नमुना. बुमराहने त्या तीन सामन्यांत १४ विकेट घेतल्या, त्यातल्या ७ लॉर्ड्सवर. हेडिंग्लेत इंग्लंडने चौथ्या डावात ३७१ चा पाठलाग केला, तर एजबॅस्टनला आकाश दीपने सामन्यात १० विकेट घेतल्या. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही.

तीन आठवड्यांनी काय झालं?

४ ऑगस्ट २०२५, ओव्हल. भारताने इंग्लंडला ६ धावांनी हरवलं आणि मालिका २-२ अशी सोडवली. संघात बुमराह नव्हता, कुलदीपही नव्हता. निवडीमागचा विचार लॉर्ड्ससारखाच होता: फलंदाजी लांब ठेवायची.

या सामन्याच्या चौथ्या दिवशी सिराजने हॅरी ब्रूकचा झेल घेतला, पण त्याचा पाय सीमारेषेला लागला. ब्रूक तेव्हा १९ वर होता. त्याने १११ केल्या. पाचव्या दिवशी सकाळी इंग्लंडला हव्या होत्या फक्त ३५ धावा आणि हातात होत्या चार विकेट. त्यातल्या तीन सिराजने घेतल्या. गस अ‍ॅटकिन्सनच्या दांड्या उडाल्या तेव्हा लॉर्ड्सवर मान खाली घालून बसलेला सिराज देशाचा हिरो झाला होता.

त्या रात्री 'कुलदीप कुठे आहे' असं विचारणाऱ्या पोस्ट फारशा दिसल्या नाहीत. इंग्लंडने आणखी सात धावा केल्या असत्या, तर सीमारेषेवरचा तो पाय आणि बाकावरचा कुलदीप यांवर आपण आठवडाभर भांडलो असतो. निवड तीच असती, सिराजची गोलंदाजीही तीच असती.