दिनविशेष : २९ एप्रिल — मक्याच्या मुळाचा शोधक
मनुष्याने रानातील वनस्पतींना आपलेसे करून शेतीचा आरंभ कोठे व कसा केला, या प्रश्नाच्या पाठपुराव्यात ज्यांनी अवघे आयुष्य वेचले, ते अमेरिकन पुरातत्त्वज्ञ रिचर्ड मॅकनीश १९१८ साली आजच्या दिवशी न्यूयॉर्क येथे जन्मले. मेक्सिकोच्या तामाउलिपास मुलखातील गुहांत प्राचीन मक्याची कणसे हाती लागताच, त्याचे मूळ अधिक दक्षिणेस असावे असा तर्क बांधून ते तेवाकान खोऱ्यात पोहोचले, आणि १९६० नंतरच्या उत्खननांत तेथील कोरड्या गुहांच्या थरांतून, जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढ्या आद्य कणसांपासून पुढील पुष्ट वाणांपर्यंतचा सहस्रावधी वर्षांचा पुरावा त्यांनी उजेडात आणला. या कणसांचे त्यांनी मानलेले सुमारे सात सहस्र वर्षांचे वय पुढे सूक्ष्म कार्बनमापनाने साडेपाच सहस्रांच्या आसपास आले खरे. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ आणि भूशास्त्रज्ञ यांना एकाच मोहिमेत राबविण्याची जी पद्धती त्यांनी रूढ केली, तिचे मोल त्याने तिळमात्र उणावत नाही. सत्तरी ओलांडल्यावरही ते चीनच्या जिआंगशी प्रांतात भाताच्या उगमाचा माग काढीत होते. २००१ साली बेलिझमध्ये मोटार-अपघातानंतर त्यांचे निधन झाले.